हळदीकुंकवातल्या सह्या

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकले असेल, माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. हुपरीहून येणाऱ्या पैंजणांना मी घरी बसून घुंगरू जोडते, पेन हातात येते ते त्याची नोंद करायला तेवढे. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. नवऱ्यालाही नाही. तोंडाने सांगणे माझ्याच्याने व्हायचे नाही — म्हणून लिहिते.

आमची गल्ली म्हणजे बोळच. समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीने पार मारुतीच्या देवळापर्यंत मागे जायचे. फुटपाथ नाही, दार उघडले की रस्ता. शाळेची पोरे त्यातूनच जातात. टोकाला गुळाचे जुने गोदाम होते, ते पाडून सात मजली इमारत होणार आणि गाड्यांचे गेट आमच्या गल्लीत निघणार, अशी महापालिकेची नोटीस लागली. हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत लेखी द्या, असे खाली होते. पुरुष कट्ट्यावर बसून तावातावाने बोलले. काम केले ते अक्कांनी.

अक्का आमच्या शेजारच्या. जैनांच्या घरातल्या, शाळेत मास्तरीण होत्या, आता एकट्याच पेन्शनवर राहतात. अर्ज त्यांनीच लिहिला. इमारत नको, असे त्यात नव्हतेच. गेट मागच्या मोठ्या रस्त्याला काढा, एवढेच होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी तो पाटावर ठेवला. कुंकू लावायचे, वाण द्यायचे आणि सही घ्यायची. एक जण म्हणाली, मालकांना विचारून सांगते. अक्का म्हणाल्या, "वाण न्यायला इचारून आलीस व्हय?" सगळ्या हसल्या, तीही हसली आणि सही केली. कागदभर हळदीची बोटे उमटली.

शेवटच्या दिवशी अक्कांना शिरोळला मयतीला जावे लागले. "शालन, तू शाहूपुरीत माल द्यायला जातीसच की," त्या म्हणाल्या. "तेवढा अर्ज ऑफिसात दे आणि पोच घेऊन ये."

मी गेले. खरेच गेले — पण त्याला काय अर्थ आहे?

खिडकीपुढे रांग होती. माझा नंबर आला. आतल्या माणसाने विचारले, कशाबद्दल आहे? वाईट बोलला नाही, नुसते विचारले. मागे पाच-सहा पुरुष उभे. अर्ज पिशवीतून अर्धा काढला होता. त्यावरची हळदीची बोटे दिसली आणि मला त्यांचीच लाज वाटली — आमच्या बायकांची बोटे, आणि मला लाज. मी बाजूला झाले. बाजूला झाले ती जिना उतरून खालीच आले. चहाच्या गाड्याजवळ उभी राहिले. रांग कमी झाली की परत जाऊ, असे म्हणत. खिडकी बंद व्हायला अजून तास होता. त्या तासात मी काय केले? काही नाही. उभी होते.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला. दिलास का, म्हणाल्या.

"दिला की, अक्का."

"आणि पोच?"

"पोच न्हाई देत म्हणाला."

चार लोकांत तोंड न उघडणारी मी — खोटे बोलताना जरासुद्धा अडखळले नाही. दुसऱ्या दिवशी पाणी तापवताना तो अर्ज बंबात घातला.

मागच्या रस्त्याच्या लोकांनी आपली हरकत दिली होती, गेट आमच्याकडे नको म्हणून. त्यांचे ऐकले गेले. आम्ही बायका ऑफिसात विचारायला गेलो. तुमच्या गल्लीतून काहीच आले नाही, असे तिथल्या साहेबांनी सांगितल्यावर अक्का ताडकन उठल्या. एवढ्या बायकांच्या सह्या तुम्ही गिळल्या, म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. तेव्हा तरी बोलायचे होते ना? मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्या खिडकीतल्या माणसाला गल्ली अजून शिव्या देते.

इमारत झाली. लोक राहायला आले, गाड्या आल्या. एका सकाळी अक्का दूध आणायला निघाल्या आणि गेटमधून गाडी बाहेर आली. सरकायला जागा कुठे होती? भिंत आणि गाडी यांच्यामध्ये त्या सापडल्या. खुबा मोडला.

ऑपरेशनला पैसे कमी पडत होते. मी माझ्या पाटल्या मोडल्या आणि पैसे नेऊन दिले. घुंगराच्या कामातून साठवलेत, म्हणाले. हेही खोटेच. गल्लीत माझे नाव झाले, शालन म्हणजे लाख बाई. मी ते ऐकून घेतले. ते पैसे परत येऊ नयेत, एवढे एकच मला हवे होते. ते अक्कांकडे आहेत तोवर मी काहीतरी भरते आहे, असे वाटायचे.

पण अक्का ऐकणाऱ्या नव्हेत. दर महिन्याला पेन्शन झाली की काठी टेकत यायच्या. मी नको नको म्हणायची, त्या पैसे फळीवर ठेवून जायच्या. गेल्या सोमवारी शेवटचे आणले. उंबऱ्यावर बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "शालन, तुझं माझ्याकडं आता काय ऱ्हायलं न्हाई."

मी पैसे घेतले, मोजले. पुरे होते.