डोळ्यातला पांढरा ठिपका

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझ्या वेंधळेपणावर मात्र पूर्ण आहे. एका प्रदर्शनात भिंतीवरच्या ओलीच्या डागाला मी ‘धाडसी अमूर्त शैली’ म्हणालो होतो... असो.

१९९८ साल. मी नाशिकच्या एका कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायचो आणि विसरल्या गेलेल्या चित्रकारांमागे वेड्यासारखा हिंडायचो. पंचवटीत, भाजीबाजारामागच्या गल्लीत एक सापडले — म्हणजे त्यांची चित्रं सापडली. पेंटरकाका स्वतः वारले होते. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण माणसांची तैलचित्रं... अहाहा! त्यांची मुलगी सुमनताई एकेक दाखवत होत्या.

“काही डोळ्यांत चमकेचा पांढरा ठिपका आहे, काहींत नाही. ही त्यांची शैली का?” मी विद्वत्ता पाजळली.

“कसली शैली, सर! माणूस गेलेला असला की बाबा ठिपका देत नसत. जिवंताला द्यायचे.”

मग त्यांनी स्वयंपाकघरातलं चित्र दाखवलं. धाकटा भाऊ विलास. वडिलांशी भांडून घर सोडून गेलेला, पुढे पत्ताच नाही. दोन्ही डोळ्यांत टपोरे ठिपके.

“ह्या ठिपक्यांकडे बघून रोज त्याचं ताट वाढते,” त्या म्हणाल्या.

मी सगळ्या चित्रांचे फोटो काढले. ते धुऊन आले, तेव्हा विलासच्या फोटोतले ठिपके नीट पाहिले होते. पुढच्या रविवारी चित्रांवरची काजळी पुसायला गेलो. विलासचं चित्र शेवटी भिंतीवरून उतरवलं. टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवला, वळलो... आणि डोळ्यांत ठिपके नव्हते. खरवडल्याची खूण नाही. जुना, तडकलेला काळा रंग सलग. बोळा चित्राला लागलाही नव्हता!

मागे सुमनताई चहा घेऊन उभ्या. “सर... ठिपके? सकाळी तर होते...”

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

“माझ्याकडून पुसले गेले,” मी म्हणालो. “जास्त घासलं, ताई.”

 त्या एकदम फुटल्या, “हात मोडलेत का तुमचे? एवढे शिकलेले, आणि अक्कल नाही!” त्या ओरडत होत्या, तसा त्यांचा पांढराफटक चेहरा पुन्हा माणसात येत होता.

घरी येऊन विलासचा तो जुना फोटो पाहिला... त्यातही डोळ्यांत ठिपके नव्हते.

का, कसं — आजही माहीत नाही. विलास आलेला नाही. पंचवटीत मी ‘चित्र पुसणारे सर’ आहे. ताई अजून ताट वाढतात. विलास आला की त्याच्यासमोर माझे कान धरणार आहेत म्हणे.

“धरा,” मी म्हणतो. बोळा चित्राला लागलाच नव्हता हे त्यांना सांगितलेलं नाही. त्या हे मासिक वाचत नाहीत.