काळ मागे फिरवणारा हिरो आणि मामाच्या शेतातली वांगी

सुपरहिरोंच्या सिनेमांतलं जळगाव जिल्ह्यात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, आणि नेमक्या याच कारणाने माझ्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

झालं असं. माझी धाकटी बहीण रूपाली, तिला धुळ्याचा निलेश पाहून गेला होता. मुलगा तिला आवडला होता. पण सगळ्या मोठ्या माणसांसमोर दोघांचं बोलणं 'चहा घ्या' आणि 'घेतला' यापुढे सरकलंच नाही. "नीट बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," रूपालीने बजावलं. निलेशचे वडील, म्हणजे नाना, त्यांचाही होकार अडलेला. शेवटी आईने पारोळ्याजवळच्या मामाच्या शेतात दोन्ही घरांची भरीत पार्टी ठरवली. हिवाळा होता, वांगी ताजी होती, जेवण झालं की नाना काय ते सांगणार होते.

वांगी भाजायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या खानदेशात भाजणाऱ्याचा मान मोठा! भरीत बिघडलं की घराण्याचं नाव गेलंच म्हणून समजा. "योगेश, वांग्यांकडे बघ आणि तोंड बंद ठेव," आई म्हणाली. (मला एका वेळी एकच काम सांगावं, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.)

कपाशीच्या काड्या पेटवून मी त्यावर हिरवीगार वांगी रचली. तेवढ्यात नाना हात शेकायला आले. निवृत्त मास्तर, पांढरी टोपी, चेहरा पेपर तपासतानाचा.

"भाऊ, तो काळ मांगे फिरावनारा हिरोना सिनेमा पाह्यना का?" त्यांनी विचारलं. "नातूनी माले दखाडा."

मला भरून आलं! "पाहिला ना, नाना! पण शेवट पार घालवला हो. एवढी शक्ती समुद्रात फेकून गडी गावाला शेती करायला जातो! उद्या पुन्हा संकट आलं तर काय, फवारणीचा पंप घेऊन लढणार?"

नानांचा चेहरा बदलला. "शक्ती सोडी म्हनीसनच तो हिरो शे!"

"शक्ती सोडली तर तो हिरो कसला? तुमच्या-आमच्यासारखा माणूस झाला!"

"मंग आपुन काय वाईट शेत का?" आपण काय वाईट आहोत, हा नानांचा सवाल.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी वांगी उचलली! "हे बघा नाना, ही पृथ्वी. हा राक्षस. आणि हा सूर्य," असं म्हणत मी सगळ्यात मोठं वांगं मधोमध ठेवलं. राक्षसाच्या हल्ल्याने सूर्य भडकतो तो प्रसंग नीट समजावा म्हणून काड्यांची अख्खी मोळी आगीत टाकली. नाना आगीपासून मागे सरले, पण वादातून हटले नाहीत. "सूर्य वाचाडाले हिरोनी काय करं, ते सांग!" ते ओरडले. मी सांगू लागलो. हातवारे करून, सविस्तर, मागच्या भागांचे दाखले देऊन.

"योगेऽऽश!" आईची हाक आली, तेव्हा सूर्यमाला संपली होती. पृथ्वीचा कोळसा झाला होता. राक्षस तर सापडतच नव्हता!

पाहुणे भुकेले. मामीने पुऱ्या तळायला घेतलेल्या, शेतातली तयार वांगी सगळी सकाळीच तोडून झालेली, आणि भरीत नाही! नाना टोपी सारखी करत निघायला उठले आणि म्हणाले, "बठ्ठा वांगा जयी ग्यात. आते निंघूत." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात निलेश उठला. "नाना, बसा. मी शेव आणतो, शेवभाजी करू." मोटारसायकलवर जाऊन तो तिखट शेव घेऊन आला. मामीचे हात पुऱ्यांत अडकलेले, म्हणून मसाला भाजायला रूपाली बसली आणि कांदे चिरायला निलेश. आता भुकेल्या माणसांसमोर स्वयंपाक थांबवून "तुम्ही लांब बसा" असं कोण म्हणणार? कांदे संपले, मसाला झाला, रस्सा उकळला, तरी ते दोघं बोलतच होते. मध्येच हसायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा हसायचे.

जेवताना नाकातून पाणी येईपर्यंत नानांनी रस्सा ओरपला. मग म्हणाले, "पोरगी माले पसंद शे. निल्या, तुन्हं काय?" निलेश नुसता लाजला. रूपालीने मान डोलावली आणि आईने तिला जवळ ओढलं.

मी अर्थातच कॉलर ताठ केली. "बघ रूपाली! मी वांगी जाळली नसती तर तुम्ही बोलला असता का? पटकथा अशी लिहावी लागते!"

"दादा," ती म्हणाली, "तुझ्यासारख्या पात्राला लेखक मध्यंतराच्या आधीच मारून टाकतात. आमच्या गोष्टीत लेखक नव्हता, आई होती, म्हणून तू वाचलास."

मी मोठ्या आशेने आईकडे बघितलं.

"माझ्याही मनात आलं होतं," आई म्हणाली, "पण लग्नात पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गाडी कोण चालवणार?"