नलू उजेडात उभी राहायची

नाचणाऱ्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापतात, दिवे करणाऱ्याचं तळाला बारीक अक्षरात येतं, आणि नलूचं कुठेच येत नसे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटतं, म्हणून सांगायला बसले.

काळाचौकीच्या चाळीत आमची घरं भिंतीला भिंत लावून. नलूचा नवरा म्हणजे बुधाजी परब, माझे मानलेले भावोजी. मंडळाच्या गणपतीची रोषणाई करता करता ते नाटकांच्या दिव्यांकडे वळले आणि पुढे दर्शनाच्या नाचाच्या ग्रुपचेच होऊन गेले. त्याच ग्रुपचे कपडे मी शिवते. मला तिथे चिकटवलं नलूनेच. दर्शनाचा नाच नव्या पद्धतीचा. घुंगरू नाहीत, गाणं असलंच तर नावापुरतं. पोरंपोरी जमिनीवर लोळतात, धावतात, मधेच खिळल्यासारखी थांबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यांचं दुखतंय तरी काय, असंच मला वाटलं होतं. पण दिव्यांचा उजेड पडला की त्याच लोळण्यावरून नजर हलत नाही. खोटं कशाला बोलू?

प्रयोगाच्या दिवशी सकाळी दिवे रोखायचे असतात, तेव्हा नाचणारी मंडळी अंग मोकळं करत असतात. मग रिकाम्या स्टेजवर दिवा रोखायचा कुणावर? नलूवर. सगळा नाच तिला जागांनिशी पाठ होता. चपला विंगेत काढायच्या, पदर खोचायचा आणि संथ चालत एकेका जागी जाऊन उभं राहायचं. भावोजी शिडीवरून दिवे फिरवायचे.

"नलू, जरा डाव्या हाताक."

"अजून? आता काय भिंतीत शिरू?"

असं बोलायची, पण सरकायची. नाचाचे बरेचसे दिवे बाजूने येतात, विंगेतल्या खांबांवरून. त्याने अंगाची वळणं उठून दिसतात. अडचण एवढीच, की नलू बुटकी आणि दर्शनाच्या ग्रुपातल्या मुली ताडमाड. त्यावर नलूनेच तोड काढली होती. डोक्यावर हाताचा पंजा उभा धरायचा, आणि भावोजींनी उजेड तिच्या बोटांच्या टोकापर्यंत न्यायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं. नवख्या माणसाला वाटायचं, बाई नवस फेडतेय.

मागच्या वर्षी गौरी-गणपती उरकले आणि नलू गेली. तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात नेली ती परत आलीच नाही.

भावोजींनी हत्यारं पलंगाखाली सारली. दर्शना यायची, गॅलरीत स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसायची आणि तशीच परत जायची. खूप दिवसांनी एकदा ते तिला म्हणाले, "ह्यो एक प्रयोग करतंय. जमला तर बरा. नाय जमला, तर सगळा सोडून गावाक जातंय."

गावाला त्यांचं होतं कोण? एक बंद घर. तिथे हा माणूस भिंतीकडे बघत बघत संपेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. प्रयोगाच्या दिवशी दादरच्या नाट्यगृहात जाताना मी दर्शनाच्या नाचासाठी नव्हे, भावोजींसाठी देवाला हात जोडले.

सकाळी मी म्हटलं, "मी उभी राहते."

"कोण नको वहिनी. माझ्या डोळ्यासमोर सगळा आसा."

मग ते रिकाम्या स्टेजवरच दिवे रोखू लागले. एक दिवा फिरवायचे, समोरच्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघायचे, मान हलवायचे, पुढचा धरायचे. मी खाली बसून झग्याला हातशिलाई घालत होते आणि सुई सारखी बोटात जात होती.

दुपारी तालीम लागली. पहिला प्रवेश अक्षता नावाच्या मुलीचा, एकटीचा. ती आली, थांबली. बाजूचे दिवे लागले. पावलं दिसली, कंबर दिसली, खांदे दिसले. मानेच्या वर काळोख. ती दुसऱ्या जागी गेली, तिथेही तेच. तिसऱ्या जागीही. बिनडोक्याची मुलगी स्टेजभर फिरत होती.

दर्शना ओरडायला उठली होती, ती तशीच बसली. नलूचे ब्लाउज मी जन्मभर शिवलेत. उजेड बरोबर नलूच्या उंचीला संपतोय, हे मला आधी कळलं.

भावोजी स्टेजवर आले. अक्षताच्या गळ्यापाशी जिथे उजेड तुटत होता तिथे त्यांनी हवेत तळवा आडवा धरला.

"हात रवलो, डोक्यावरचो," ते म्हणाले. "तिचो हात रवलो. मी नुसता तिच्या तोंडाकडेच बघित रवलंय."

आणि ते खालीच बसले. इतके महिने न रडलेला माणूस भरस्टेजवर ढसाढसा रडला. मग नाक पुसून दर्शनाला म्हणाले, "ताई, दुसरा माणूस बघा. माझा काम संपला."

मला रागच आला. दुःख मोठं असेल, पण कामावरून असं उठून जाणं नलूला आवडलं नसतं. "भावोजी," मी खालूनच ओरडले, "ती तुमच्या एकट्यासाठी उभी राहायची का? त्या पोरीचं तोंड अंधारात ठेवून गावाला निघालात? लाज नाही वाटत?" आणि तरातरा वर जाऊन मी डोक्यावर पंजा धरून उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नको वहिनी," ते म्हणाले. "आता ता नको."

अक्षता अजून तिथेच होती. भावोजी उठले आणि तिच्यासमोर गेले. इतके प्रयोग त्यांनी तिच्यावर उजेड टाकला होता. पण त्यांच्या लेखी त्या जागेवर नलूच उभी असायची. पोरींची नावं-गावं नलूला ठाऊक, त्यांना नाही.

"तुझा नाव काय गो?"

"अक्षता."

"अक्षता, आजपासून तुझी जागा तूच धर."

ते शिडी चढले. मी खाली शिडीला हात लावून राहिले. दिवा हळूहळू वर सरकला. तिची हनुवटी दिसली, ओठ दिसले, मग डोळे. ते काठोकाठ भरले होते. पण तिने पुसले नाहीत, कारण उजेड बसेपर्यंत उभं राहणाऱ्याने हलायचं नसतं.