भिंतीपलीकडची कविता

सिन्नरच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली, तेव्हा बायको घरीच कॉलेजच्या मुलींची इंग्रजीची शिकवणी घ्यायची. नाशिकमधलं आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेर शिकवणी, आत मी. टीव्ही लावता येत नसे, त्यामुळे कान आपोआप तिकडेच लागायचे.

एका सकाळी ती चौदा ओळींची एक जुनी कविता समजावत होती. त्यातला माणूस पार खचलेला. आपलं कुणी नाही असं त्याला वाटतं, ज्याच्या त्याच्या नशिबाचा हेवा वाटतो. माझा मेथी निवडणारा हात थांबला. कंपनीच्या बसची वाट बघणारे जुने सोबती दिसू नयेत म्हणून मीही सकाळी खिडकी लावून घ्यायचो. पुढे त्या माणसाला एकदम आपलं प्रेमाचं माणूस आठवतं आणि सगळी निराशा जाते.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण त्याची परिस्थिती तर तशीच आहे ना? मग बदललं काय?"

"परिस्थिती नाही बदलली, तो बदलला," बायको म्हणाली.

मला ते पटेना. माझं माणूस तर भिंतीपलीकडेच होतं. तिचा विचार आला की मला उलट जास्तच ओशाळल्यासारखं व्हायचं. मग माझं प्रेमच कमी की काय?

जेवताना मी तिला विचारलं, "नुसतं आठवून खरंच असं होतं का गं?"

ती भात कालवत राहिली. "काय माहीत. शिकवताना खरं वाटतं." मग म्हणाली, "मला मात्र तुम्ही आत असता ना, बरं वाटतं."

"म्हणजे नोकरी गेली ते बरं झालं?"

"तसं नाही हो. पण वाटतं बरं, त्याला मी काय करू?"

रागवावं की हसावं, मला कळेना. मी तिला आणखी भात वाढला.

पुढे निफाडजवळ द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम मिळालं. पहिल्या दिवशी एसटीत बसलो. आनंद व्हायला हवा होता, पण काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटत होतं. जीव हलका झाला होता की जड, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी तिला फोन लावला.

"पोचलात?"

"नाही अजून. असाच केला."