सोजरबाईचा बंद डबा

तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरच्या बस थांब्याजवळ, चहाच्या गाड्याला लागून सोजरबाई भाजी विकायला बसते. वांगी, भेंडी, मेथी, अंबाडी, सगळं घरच्या दोन एकरांतलं. भांडते ती तीन भाषांत. मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत, तेलुगू बाईशी स्वतःच बनवलेल्या तेलुगूत, आणि ठोक व्यापाऱ्याशी अशा काही हिंदीत की तो बिचारा भाव वाढवूनच सुटतो. पण गावात तिचं नाव आहे ते भाजीमुळे नाही, डब्यामुळे!

आता डबा कसला, ते सांगायलाच हवं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर सोजरबाईच्या घरी भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा नवरा भुलोजी. दिवेलागणीला गल्लीतल्या पोरी येतात, टाळ्यांवर गाणी म्हणतात. त्यात सासू असते, माहेर असतं, रुसवा असतो, हरवलेलं पैंजण असतं. गाणी संपली की बंद डबा पुढे येतो. आत खाऊ. पोरींच्या कानाशी डबा वाजवायचा आणि त्यांनी ओळखायचं, गोड का तिखट, कोरडं का ओलं, तळलेलं का भाजलेलं. हरली तर एक गाणं जास्तीचं म्हणायचं, मगच खायचं.

या खेळात सोजरबाईनं काय कमी चावटपणा केला? लाडू वाजू नयेत म्हणून कोबीच्या पानात गुंडाळले. चिवड्यात मुद्दाम सुपारी टाकली, पोरी बोंबलत बसल्या, "आजी, बोरं! आजी, खारका!" एका साली ज्वारीच्या लाह्यांत भोपळ्याच्या घाऱ्या पुरल्या आणि वरून डबा इतका जोरात हलवला की पोरींना लाह्यांशिवाय काही सुचलंच नाही. एकेचाळीस वर्षांत तिचा डबा ओळखला गेला असेल दहा-बारा वेळा. त्या दहा-बारा पोरींची नावं तिला अजून पाठ आहेत, आणि त्यांच्यावरचा तिचा रागही अजून पुरता गेलेला नाही.

सोजरबाई याच गावची लेक. बापाला मुलगा नव्हता, म्हणून दादाजी घरजावई म्हणून आला. नवरा आता नाही. ती जन्मली त्याच घरात सासू झाली, मधलं सून होणं तिच्या वाट्याला आलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. भुलाबाई तिला तिच्या मायनं दिली आणि दोन गोष्टी बजावून दिली. एक, भुलाबाई लेकींची, सुनांनी खाऊ करावा, गाण्याला बसू नये. दुसरी, कोजागिरीला गाणारी पाच तोंडं पाहिजेत, बसवणारीचं तोंड मोजायचं नाही. पाचाच्या खाली आली तर शिरवून टाकायची, म्हणजे पाण्यात सोडायची, आणि पुन्हा घरात आणायची नाही.

एके काळी बावीस पोरी यायच्या, अंगण पुरायचं नाही. मग कोणाचे बाप मंचेरियलला गेले, कोणाचे आदिलाबादला. शाळेत तेलुगू आली, इंग्रजी आली. आणि बतुकम्माचे, तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचे, नऊ दिवस तर गावची मोठीच जत्रा झाली, मैदानावर लाइट काय, भोंगे काय! ते नऊ दिवस येतात नेमके भुलाबाईच्या महिन्यात. पोरी कुठं जातील, तुम्हीच सांगा.

गंमत अशी की त्या बतुकम्माची फुलं विकते कोण? सोजरबाईच! बायका फुलांची उतरंड रचतात, तिला तरवड लागतो, झेंडू लागतो आणि सगळ्यांत जास्त लागतो कुरडू. कुरडू म्हणजे रानातलं तण. जन्मभर तिनं तो निंदून बांधावर फेकला. पाच वर्षांपूर्वी एक बाई थांब्यावर विचारत आली, "अम्मा, गुनुगू पूलु उन्नाया?" कुरडूची फुलं हवी होती तिला, आणि सोजरबाईला कळलं की आपण सोनं उपटून टाकत होतो. यंदा तर तिनं कपाशीत कुरडूच्या सहा ओळी मुद्दाम राखल्या. तिचा मुलगा सुरेंद्र कपाळाला हात लावून म्हणाला, "माय, लोकं तण काढतात, तू राखून राह्यली!"

"तुले काय कराचं हाय? फुल दिसते ना, मंग फुलच हाय ते."

पण यंदा बतुकम्मा लागली आणि अंगण पार रिकामं झालं. सातव्या दिवशी तर नात दामिनीसुद्धा मैदानावर पळाली. "तिले घेऊन येतो, आत्याबाई," असं म्हणून सून चंचलही गेली. सोजरबाई भुलाबाईसमोर एकटी. डब्यात गूळपापडी, ओळखायला चिटपाखरू नाही. आपल्याच हातानं फुलं विकायची आणि आपल्याच दारात पोरी येऊ नयेत! तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

पण सोजरबाई ती, रडत किती वेळ बसणार? तिच्या डोक्यात किडा वळवळला. पाच वर्षं टोपल्या भरभरून फुलं दिली, ती फुलं पुढं जातात तरी कुठं? तिथं असं आहे तरी काय, की पोरी डबा सोडून पळतात? पदराखाली डबा घेतला, कडी लावली आणि निघाली.

मैदानावर तिनं आधी आपला कुरडू शोधला. सापडला, पण कसा! पांढराफटक विकलेला, कोणी गुलाबी रंगात बुडवलेला, कोणी निळ्या. "अवं माय, याले तर पोरीवानी नटवलं," ती मोठ्यानं म्हणाली. फुलांच्या उतरंडी मधोमध ठेवलेल्या, भोवती बायका वाकून टाळ्या देत फिरत होत्या. एक बाई ओळ सांगायची, बाकीच्या उचलायच्या. ओळ सांगणाऱ्या बाईचा आवाज असा खणखणीत की भोंग्याची गरज पडू नये. सोजरबाई टाचा उंचावून बघायला लागली, कोण बाई ही?

चंचल होती.

अकरा वर्षं जी सून "हो, आत्याबाई" आणि "झालं, आत्याबाई" याच्या पलीकडे बोलली नाही, ती! चंचल बेल्लमपल्लीची. बाप कोळशाच्या खाणीत होता, क्वार्टरमध्ये सगळा शेजार तेलुगू. घरात मराठी, अंगणात तेलुगू अशी वाढलेली पोर. हे सोजरबाईला माहीत होतं. पण हिला गाता येतं?

गाणी संपली, बायकांनी सत्तूचा प्रसाद वाटायला घेतला. एकीनं सोजरबाईच्याही हातावर ठेवला. नुसता ठेवला! वाजवणं नाही, विचारणं नाही. असा कसा खायचा बाई? सोजरबाईच्या हाताला एकेचाळीस वर्षांची सवय. तिनं पदराखालून डबा काढला आणि शेजारच्या पोरीच्या कानाशी खळखळ वाजवला. ती चहावाल्याची लावण्या. पोर आधी दचकली, मग हसली, मग हात पुढं केला.

"अं हं. आधी ओळख. तीपी का कारम?" तेलुगूत गोड म्हणजे तीपी, तिखट म्हणजे कारम, एवढं तिला येत होतं.

लावण्यानं चार नावं सांगितली, चारही चुकली. सोजरबाईनं तिच्याकडून एक गाणं वसूल केलं आणि मगच गूळपापडीची वडी दिली. पोर हट्टाला पेटली. "रेपु वस्ता, अम्मम्मा!" उद्या येते म्हणाली.

परतीच्या वाटेवर सोजरबाईनं सुनेला गाठलं. मग एकदम म्हणाली, "तुले एवढं गाता येते, सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलंच कवा?" चंचल हळूच म्हणाली.

हे सोजरबाईला झोंबलं. दोन दिवस ती सुनेशी धड बोलली नाही. भाजी तोडताना, फुलं बांधताना तेच डोक्यात. खरंच कधी विचारलं नाही. बतुकम्मा खेळत होतीस का, हेसुद्धा नाही. पण आपली चूक आहे असं मनात आलं की ती गिऱ्हाइकाशी जास्तच भांडायची.

कोजागिरी उजाडली. संध्याकाळी गॅसवर दूध चढलं. दामिनी आली, संघपाल मास्तरांची मुलगी मैत्री आली. मास्तर बौद्ध, घरात मूर्ती ठेवत नाहीत, पण लेकीला सांगतात, पाया पडू नको, गाणी मात्र शिकून ये. किराणावाल्याची हर्षा आली. लावण्या तर त्या दिवसापासून रोजच यायची, आजही सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली. चार. सोजरबाईनं दोनदा दारात जाऊन गल्ली बघितली. पाचवी कोणी नव्हती.

ती आत आली आणि भुलाबाईकडे न बघता म्हणाली, "पोरीहो, आज शिरवतो हिले. पुढल्या साली आणत नाई. चौघींत नाई बसत ती."

दामिनीचे डोळे भरले. "आजी, तू धर ना पाचवी!"

"माह्यं तोंड मोजत नाईत, बाई."

एवढ्यात स्वयंपाकघरातून चंचल बाहेर आली. हातात डबा. सोजरबाईचा नव्हे, वेगळाच. उंबऱ्यावर थांबून ती म्हणाली, "आत्याबाई, वळखा."

सोजरबाईला क्षणभर कळेना, हे कोणाला चाललंय. माय गेल्यापासून तिच्या कानाशी कोणी डबा धरलाच नव्हता. ती सदा वाजवणारी. तिनं कान पुढं केला. डब्याचा आवाजच नाही!

"गोड का तिखट?" सोजरबाईनंच विचारलं.

"गोड."

"तळेल हाय?"

"भाजेल."

सोजरबाई मांडी घालून बसली. ही बेल्लमपल्लीची, म्हणजे तिकडचंच काहीतरी असणार. "सत्तू!" नाही. "तिळाचे लाडू! थांब, ते काय म्हणतात, नुव्वुला उंडलू!" नाही. "शेंगदाण्याची पोळी! रव्याचं!" नाही, नाही. पोरी खिदळायला लागल्या. लावण्यानं तर सूड उगवल्यासारख्या टाळ्या पिटल्या.

"हरलो, बाप्पा! उघड."

आत मलिदा होता. भाकरी चुरून गूळ-तूप घालून वळलेले लाडू. सोजरबाईची माय भुलाबाईच्या पहिल्या दिवशी हाच करायची. ती गेल्यावर या घरात तो कधी झालाच नाही. सोजरबाईनं वास घेतला आणि एक लाडू उचलला. "हा तुले कोणं शिकवला?"

"बेल्लमपल्लीत आमी बतुकम्माले हाच नेतो. आता गाणं म्हणा, आत्याबाई. हरल्या ना."

नियम तो नियम. सोजरबाईनं मायचं गाणं काढलं, भुलाबाई माहेराला निघते ते. पोरींना ते शिकवलं नव्हतं, लांबलचक म्हणून. दोन कडवी म्हटली. तिसरं आठवेना. तिनं डोळे मिटले, मांडीवर थाप दिली, ओळ काही येईना. आता हे गाणंही गेलं, असं तिच्या मनात आलं.

आणि उंबऱ्यावरून तिसरं कडवं आलं. मग चौथं. शब्द न चुकता, मैदानावरच्या त्याच आवाजात. पोरी पाठोपाठ टाळ्या द्यायला लागल्या. गाणं शेवटापर्यंत गेलं.

"हे मी कोणालेच शिकवलं नाई," सोजरबाई म्हणाली.

"तुमी आंबील घोटताना म्हणता ना एकल्याच. अकरा वर्सं झाली, मी आतून ऐकून राह्यली. सारे गाणे येतात मले."

सोजरबाईनं आधी सुनेकडे बघितलं. मग भुलाबाईकडे बघितलं, जणू परवानगी विचारावी, आणि उत्तराची वाट न बघता चटईवर सरकून जागा केली.

"मंग उंबऱ्यावर काऊन उभी हायेस? बस अठी."

"मी? मी तर सून..."

"बस म्हणलं ना!"

चंचल बसली. दामिनीनं बोटं मोजली. लावण्याला पुढचं गाणं लगेच हवं होतं. आत दूध वर यायला लागलं, तशी सवयीनं चंचल अर्धवट उठली. सोजरबाईनं तिचा हात धरून खाली ओढलं आणि ओसरीवर मोबाइल बघत बसलेल्या मुलाला हाक मारली.

"सुरेंद्रा! दूध पाय रे, उतू जाईन. चंचल भुलाबाईले बसली हाय!"