मुकं पाणी

“तोंड बंद ठेवून कुणाला कधी गोष्ट मिळाली आहे का?” एफी गॅलब्रेथ एकदा भर चर्चच्या दारात पाद्रीबुवांना म्हणाली होती. तिचं सगळं आयुष्य या वाक्यावर चाललं होतं.

ग्लेनॉरन दरीतल्या शाळामास्तरांची ही मुलगी. लग्नाला सवडच मिळाली नाही, असं ती सांगे. दरीतल्या कुठल्याही मेंढपाळाच्या खोपटात शिरायची, ओटची भाकरी मागून खायची आणि स्वतःच्या दातदुखीपासून सुरुवात करून त्याच्या पणजीने पाहिलेल्या पऱ्यांपर्यंत पोचायची. अशा जमवलेल्या गोष्टींची दोन पुस्तकं एडिंबरात छापून आली होती. तिसरं अडलं होतं म्हाताऱ्या मोरागपाशी.

गिरणीत रात्री गुपचूप पीठ दळणाऱ्या केसाळ बुटक्याची गोष्ट आता एकट्या मोरागला येत होती, आणि मोराग पाठ धरून अंथरुणावर पडली होती. म्हातारी गेली की बुटकाही गेला, एवढीच एफीला धास्ती.

“सांगते,” मोराग म्हणाली, “पण आधी मुकं पाणी आण.”

जित्या माणसांची वाट आणि मेलेल्यांची शवपेटी दोन्ही ज्या पुलावरून जातात, त्याच्या खालचं पाणी पहाटे भरायचं. बादली उचलल्यापासून ते दुखणेकऱ्याच्या ओठी लागेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मग ते गुण देतं.

“अगं, दुसरं कुणी नाही का मिळालं तुला?”

“मिळतील की. पण गोष्ट तुला हवीय ना?”

पहिल्या पहाटे एफीने बादली काठोकाठ भरली. पुलावर चढते तोच पोस्टमन टॉर्किल आडवा आला. “एफीबाई, एडिंबराहून तुमचं पार्सल आलंय!”

“कुठाय?” एफी म्हणाली, आणि जीभ चावून तिथेच बादली उपडी केली.

गावभर हसू पसरलं. संध्याकाळपर्यंत लोहारसुद्धा विचारत होता, “बाई, पाणी बोललं का हो?” एफीही हसली, पण बादली घासून पुन्हा मोरागच्या दाराशी ठेवून आली.

दुसऱ्या पहाटे ती पुन्हा मोरागच्या दारात उभी राहिली. “आज मेलं कुणी वाटेत पडलं तरी बोलायची नाही,” म्हणाली, आणि वाकून बादली उचलली.

मोराग उशीवर कोपर टेकून जराशी उठली. डोळ्यांत खट्याळपणा.

“तर एकदा काय झालं,” तिने सुरुवात केली, “त्या बुटक्याला गिरणीवाल्याच्या बायकोने नवा सदरा शिवला. तो बघून बुटका काय म्हणाला असेल? विचार की गं, पोरी!”

एफीचं तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं. मग हळूच मिटलं. तिने मोरागकडे असं पाहिलं, की म्हातारी दुखरी पाठ विसरून खदखदून हसली.

बादली सावरत, ओठ घट्ट दाबून, एफी उंबरा ओलांडून अंधुक उजेडात चालू लागली.