न केलेल्या फोनची नोंद

गेल्या वैशाखात मुरबाडला एका साखरपुड्याच्या पंगतीत कुणाचा तरी मोबाइल वाजला. वाढणाऱ्यांपैकी एक जण माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "उचला काका, नायतर परत चौकशी लागंल!" पंगत हसली. म्हाताराही हसला. तीस-पस्तीस वर्षं हा विनोद त्याच्या वाट्याला येतो आहे. त्याच्या जोडीला मीही हसलो, आणि मग पानावर बसवेना. उठलो, हात धुतले, परत येऊन बसलो, परत उठलो. घरी सापगावला येईपर्यंत बसमध्ये दोनदा जागा बदलली.

ज्या फोनवरून हा विनोद चालतो, तो त्या म्हाताऱ्याने उचलला नव्हता, कारण मी तो केलाच नव्हता. हे तोवर फक्त मला ठाऊक होतं.

तो धसईचा. नोकरीत असताना आम्ही दोघं दूरच्या एका राज्यातल्या विमानतळावर होतो. तो अग्निशमन केंद्रात, फोनच्या टेबलावर. मी नियंत्रण मनोऱ्याच्या खालच्या खोलीत, फोन आणि नोंदवही सांभाळणारा साहाय्यक. एका खोलीत राहायचो. आपल्याकडची तांदळाची भाकरी त्या गावात कुठे मिळत नसे, ती तो करायचा. मी भांडी घासायचो. ड्यूटी एकच असली की सायकलींवरून बरोबर जायचो.

विमानाचं अपहरण म्हटलं की लोकांना धावपळ, आरडाओरडा आठवतो. आमच्याकडे ते एका आकड्यापासून सुरू होई. वैमानिक एक बटण फिरवून ठरलेले चार आकडे लावतो आणि ते रडारच्या पडद्यावर त्याच्या विमानापाशी उमटतात. नियंत्रक नेहमीच्याच आवाजात विचारतो, हे आकडे तुम्ही जाणून लावलेत का? हो म्हणाला तर प्रश्न मिटला. काहीच बोलला नाही, तरी ते उत्तरच धरायचं. त्यानंतर विमानाशी एकाच माणसाने बोलायचं, वाद घालायचा नाही, उगाच प्रश्न विचारायचे नाहीत. बाकी सगळं जमिनीवर, फोनवरून. विमानतळाच्या साहेबांच्या खोलीत समिती बसते, ती दिल्लीशी बोलते. कुणाला कोणत्या क्रमाने कळवायचं याची यादी आमच्या पर्यवेक्षकांकडे असे. मी एकेकाला फोन करायचा, ठरलेलं वाक्य सांगायचं, ते त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं आणि मग वहीत लिहायचं: वेळ, निरोप, घेणाऱ्याचं नाव. वेळसुद्धा आपली नाही, जगाची, आपल्याहून साडेपाच तास मागे असलेली. सगळ्या विमानतळांच्या वह्या एकमेकींशी जुळायला हव्यात म्हणून.

नाव शेवटी लिहायचं, हा नियम. अपहरणाच्या सरावाच्या दिवशी फोन फार आणि वेळ थोडा, म्हणून मला उलटी सवय लागली होती. यादी हातात आली की मी सगळ्या ओळी आधीच भरून टाकायचो, एकेका मिनिटाच्या अंतराने. कुठे कोण ड्यूटीवर आहे ते सकाळीच माहीत असे. अग्निशमन केंद्राची तर चौकशीही करावी लागत नसे. तिथला माणूस माझ्याबरोबर सायकलवरून आलेला.

त्या दुपारी आधी वैमानिकाने इंजिनात बिघाड असल्याचं सांगितलं. मी हॉटलाइनवरून अग्निशमन केंद्राला कळवलं: पूर्ण तयारीत धावपट्टीशी या. त्याने वाक्य परत म्हटलं. हॉटलाइनवरचं बोलणं टेपवर जायचं, म्हणून हा फोन पुढे चौकशीतही सापडला. थोड्याच वेळात पडद्यावरचे आकडे बदलले. विमानात एक माणूस हातातलं पुडकं दाखवून धमकावत होता.

आता सगळं उलटं करायचं होतं. साध्या अपघातात बंब भोंगे वाजवत विमानामागे धावतात. अपहरणात ते लांब, दिवे आणि भोंगे बंद करून, आडोशाला थांबतात. आतल्या माणसाला आपल्याकडे कुणी येतंय असं दिसता कामा नये. हा दुसरा निरोप जायला हवा होता. हॉटलाइन समितीने धरून ठेवली होती. पर्यवेक्षक म्हणाले, साध्या फोनवरून सांग. त्याची टेप होत नसे. मी सवयीने सहा ओळी भरल्या. पोलीस, रुग्णालय, सुरक्षा असे पाच फोन केले. सहावा बंबवाल्यांचा. रिसीव्हर उचलला, आणि दुसऱ्या फोनवर शेजारच्या नियंत्रण केंद्राने सांगितलं की विमान धावपट्टीच्या उलट्या टोकाने उतरतंय. मी ते ओरडून वर कळवलं, वहीत लिहिलं. नजर परत वरच्या ओळींवर गेली तेव्हा सहावी ओळ भरलेली होती. वेळ, निरोप, त्याचं नाव. माझंच अक्षर. मला वाटलं, झालं.

विमान उतरलं आणि तीन बंब भोंगे वाजवत त्याच्यामागे निघाले. खिडकीतून ते पाहून आतला माणूस बिथरला. त्याने दाराशी उभ्या असलेल्या हवाई सुंदरीच्या तोंडावर हाताला लागलेली काचेची बाटली मारली. तासाभराने तो शरण आला. पुडक्यात कपड्यांखेरीज काही निघालं नाही. बाकी सगळे सुखरूप उतरले, पण त्या मुलीचा एक डोळा कायमचा अधू झाला.

संध्याकाळी सायकलीवरून परतताना त्याने विचारलं, "दुसरा फोन कवा केलास रे?"

"केला की. नोंद हाय."

"मला नाय आला."

त्याच्या बोलण्यात संशय नव्हता. मी मात्र पायडल मारायचा थांबलो, कारण त्याच क्षणी मला सहाव्या फोनसाठी उचललेला रिसीव्हर नंबर न फिरवताच खाली ठेवलेला आठवला. महिन्याभराने चौकशी झाली. वही उघडून मला विचारलं, "ही नोंद बरोबर आहे?" मी म्हणालो, "हो साहेब." निरोप मिळूनही बंब थांबवले नाहीत, असा ठपका त्याच्यावर आला.

पंगतीच्या चौथ्या दिवशी मी धसईला गेलो. मुरबाडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघवेना, दोनदा उतरून फेऱ्या मारल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, तुमी असे चढउतर केलात तर गाडी कशी भरंल?" पोचलो तेव्हा तो ओटीवर भाताचं बियाणं पाखडत होता.

"आलास? बस. चा घेतो?"

"आधी बोलू दे."

"बोल की. उभा कशाला? कोंबड्या नाय खाणार तुला."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सुपाचा आवाज थांबला. तो म्हणाला, "मी सगळ्यांना सांगत व्हतो, फोन आला नाय. पण वही म्हणायची, आला. मग मलाच वाटाया लागलं, पाणी प्यायला उठलो असन. दुसऱ्या कुणी माझ्या नावानं घेतला असंल. कितीदा तरी ती दुपार आठवत बसलो, मी कुठं उठलेलो का." सुपातला खडा त्याने अंगणात फेकला. "माझी बायको जाईपर्यंत म्हणायची, एवढा ताण व्हता, इसरला असशील, होतं माणसाचं. ती मला समजून घ्यायची रे! चूक नसताना समजून घ्यायची."

मी म्हणालो, "मला माफ कर."

"ते बघू मागनं. पंगतीत हसलास ना? तितं बोलायचं व्हतं. मला एकट्याला सांगून काय उपेग? लिही. लिहून आण, माझ्या पोरीम्होरं वाच."

लिहायला तीन आठवडे गेले. जुन्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही, ती वही तरी उरली असेल की नाही कोण जाणे. मग एका रविवारी हे कागद घेऊन मी पुन्हा धसईला गेलो. त्याची मुलगी मुरबाडला शाळेत शिकवते, ती आली होती. मी वाचू लागलो. 'त्याला नोकरीवरून काढलं' असं वाचताच त्याने थांबवलं.

"काढलं नाय. बदली केली. दोन वर्सं तिकडं मला फोनपाशी बसू दिलं नाय, पाइप सुकवायला ठेवलं. मग मी राजीनामा दिला. मी दिला. तसं लिही."

मी तसं लिहिलं. पुढे 'माझ्या हातून चूक झाली' असं वाक्य होतं. आता मुलगी बोलली.

"काका, चूक त्या दुपारी झाली. चौकशी महिन्यानं झाली. मधल्या महिन्याचं काय?"

"घाबरलो होतो, बाळा."

"कशाला? नोकरी गेली असती?"

नोकरी गेली नसती. फार तर मेमो मिळाला असता, एखादी बढती लांबली असती. तेव्हा नियंत्रकाच्या प्रशिक्षणासाठी नावं पाठवत होते आणि त्या यादीत माझं नाव होतं. मला मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर बसायचं होतं, एवढंच. आणि त्या महिन्यात रोज संध्याकाळी तो भाकरी करून माझ्या ताटात वाढत होता, आणि "मला खरंच नाय आला रे फोन" असं म्हणत होता, आणि मी जेवत होतो. पुढे मी नियंत्रक झालो. त्याच हुद्द्यावरून निवृत्त झालो.

ती म्हणाली, "हे लिहा."

तिथेच ओटीवर बसून मी हा भाग लिहिला आणि वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मी माफीचं पुन्हा विचारलं नाही, त्यानेही तो विषय काढला नाही. माझ्या हातातून कागद घेऊन तो मुलीकडे देत म्हणाला, "सही घे त्याची. शेवटी एक नको. पानापानावर घे."